ग्रीकचा पहिला वर्ग : सेमिनरीत नव्यानं शिकवणाऱ्यांसाठी

नवं शैक्षणिक वर्ष सुरू होतं आणि सेमिनरीतल्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या ख्रिस्ती शिक्षणसंस्थेतल्या, कुणातरी नव्या शिक्षकाच्या हाती नव्या कराराच्या (बायबलच्या दुसऱ्या भागाच्या) ग्रीकचा पहिला वर्ग येतो. हातात एक इंग्रजी पाठ्यपुस्तक असतं. समोर वीस-पंचवीस मुलंमुली असतात, आणि ‘ग्रीक फार अवघड’ हे त्यांनी वरच्या वर्गाकडून ऐकलेलं असतं. महाराष्ट्रात शिकवणाऱ्या, ज्यांच्या वर्गात बहुतेक मराठी बोलणारी मुलं आहेत, अशा शिक्षकासाठी हा लेख आहे.

मी पहिल्या वर्षी पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून क्रमानं शिकवलं. नाताळच्या सुट्टीपर्यंत वर्गाला क्रियापदाचे तक्ते घडाघडा पाठ झाले होते. सुट्टीनंतर मी योहानाच्या पहिल्या पत्राचं एक वचन फळ्यावर लिहिलं आणि वर्गात कुणालाच ते वाचून अर्थ लावता येईना. मुलं कष्टाळू होती, चूक माझी होती. मी त्यांना आधी इंग्रजी व्याकरण शिकवत होतो आणि त्या इंग्रजीतून ग्रीक. जी भाषा त्यांच्या तोंडात जन्मापासून आहे तिला मी दाराबाहेर उभं केलं होतं. आता माझा सगळा अभ्यासक्रम एकाच गोष्टीवर उभा आहे : विद्यार्थ्याला ग्रीककडे मराठीतून न्यायचं, आणि पहिल्या आठवड्यापासून खऱ्या मजकुरावर न्यायचं.

आधी शेवट ठरवा

वर्षाच्या शेवटी विद्यार्थी काय वाचू शकला पाहिजे, हे एका वाक्यात लिहून काढा. ‘व्याकरण पूर्ण करणे’ हे उद्दिष्ट होऊ शकत नाही. माझं उद्दिष्ट असं आहे : योहानाचं पहिलं पत्र पूर्ण, आणि लूक १५ मधला उधळ्या पुत्राचा दाखला. पत्रात ५ अध्याय, १०५ वचनं आहेत. वाक्यं छोटी आहेत आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. संपूर्ण पत्रात वेगवेगळे शब्द अडीचशेच्या आत आहेत. नवशिक्यासाठी याहून चांगला मजकूर नव्या करारात मला सापडलेला नाही.

शब्दसंग्रहाचं गणितही इथेच मांडून घ्या. ग्रीक नव्या करारात सुमारे १,३८,००० शब्द आहेत, त्यांत वेगवेगळे शब्द सुमारे ५,४००. पण ५० किंवा त्याहून जास्त वेळा येणारे शब्द जेमतेम तीनशेच्या थोडे वर आहेत, आणि मजकुराचा सुमारे ८० टक्के भाग तेवढ्यांनीच व्यापला आहे. दोन सत्रं, प्रत्येकी १४ आठवडे धरले, तर आठवड्याला अकरा शब्द पुरतात. वर्गात हा हिशेब फळ्यावर करून दाखवा. मुलांची भीती बरीचशी तिथेच उतरते.

आठवड्याला चार तास मिळत असतील तर दोन तास नवीन व्याकरणाला, एक तास फक्त वाचनाला, आणि एक तास उजळणी व छोट्या चाचणीला द्या. अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी वाचनाच्या तासाचा जातो. तो जाऊ देऊ नका. व्याकरणाचा एखादा विषय पुढच्या आठवड्यावर गेला तरी चालेल.

पहिला आठवडा : अक्षरं

अक्षरं २४. चार दिवसांत होतात. पण अडचण कुठे येते ते आधी माहीत असू द्या. मुलांना इंग्रजी लिपी येते, म्हणून ओळखीची वाटणारी अक्षरंच फसवतात. लहान ‘रो’ इंग्रजी पी सारखा दिसतो, ‘न्यू’ व्ही सारखा, ‘ईटा’ एन सारखा, ‘ओमेगा’ डब्ल्यू सारखा. या चारांचा वेगळा सराव घ्या. वहीत रोज अर्धं पान हातानं लिहायला लावा. टाइप करून अक्षरं डोक्यात बसत नाहीत.

उच्चारांच्या बाबतीत मराठी मुलांना एक देणगी आहे. ग्रीकचे ‘ताउ’ आणि ‘डेल्टा’ हे आपल्या त आणि द सारखे दंत्य आहेत. इंग्रजी वळणानं ट-ड करण्याची गरज नाही. ‘थीटा’, ‘फाय’, ‘खी’ यांचे जुने उच्चार थ, फ, ख असे महाप्राण होते, तेही आपल्याला सहज येतात. नव्या कराराच्या ग्रीकचे उच्चार कसे करावेत याच्या दोन-तीन पद्धती रूढ आहेत : इरॅस्मसच्या नावानं चालणारी पाठशाळेची पद्धत, आजच्या ग्रीसची पद्धत, आणि पहिल्या शतकातले उच्चार अंदाजानं उभे करणारी पद्धत. कोणतीही एक घ्या आणि वर्षभर तीच ठेवा. मी पहिली घेतो, कारण तिच्यात लिहिलेलं आणि ऐकलेलं जुळतं.

देवनागरीत ग्रीक लिहायची सवय मात्र पहिल्या आठवड्यानंतर मोडा. इथे मी वाचकांच्या सोयीसाठी देवनागरी वापरतो आहे, पण वहीत ती चालणार नाही. योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात घ्या : ‘एन आर्खे एन हो लोगोस’. पहिला ‘एन’ म्हणजे ‘मध्ये’, दुसरा ‘एन’ म्हणजे ‘होता’. ग्रीकमध्ये पहिल्यात ऱ्हस्व एप्सिलॉन आहे, दुसऱ्यात दीर्घ ईटा. आपल्या लिपीत दोन्हींसाठी एकच ‘ए’, म्हणून दोन वेगळे शब्द एक होऊन बसतात. हेच उदाहरण वर्गात द्या, मुलं पुन्हा देवनागरीकडे वळत नाहीत.

आघातचिन्हांचे नियम पहिल्या वर्षी शिकवू नका. शब्दाच्या सुरुवातीचं ‘ह’ दाखवणारं चिन्ह ओळखता आलं पाहिजे, बाकी चिन्हं जशी आहेत तशी उतरवून घेता आली की पुरे.

शुक्रवारी पहिलं वाक्य वाचा : ‘हो थेऑस फोस एस्तिन’. देव प्रकाश आहे, १ योहान १:५. शब्दांचा क्रम हुबेहूब मराठीचा : कर्ता, मग पूरक, शेवटी क्रियापद. ‘एस्तिन’ हे संस्कृत ‘अस्ति’चं भावंडच आहे. पहिल्या आठवड्यात नव्या कराराचं एक वाक्य मुळातून वाचलं, ही गोष्ट विद्यार्थी घरी फोन करून सांगतात.

उपपद आधी, नाम नंतर

बहुतेक पुस्तकं नामांपासून सुरू करतात. मी ‘हो, हे, तो’ पासून सुरू करतो. हे ग्रीकचं निश्चित उपपद. नव्या करारात कोणताही शब्द याच्याइतक्या वेळा येत नाही : जवळजवळ वीस हजार वेळा. तीन लिंगं, चार विभक्ती, दोन वचनं, म्हणून २४ रूपं. ही २४ पक्की झाली की नामांचे अर्धे प्रत्यय आपोआप ओळखीचे होतात. शिवाय नाम अनोळखी असलं तरी त्याआधीचं उपपद त्याची विभक्ती सांगून टाकतं.

मराठी कानाला इथे एक चकवा आहे. ग्रीकचं ‘हे’ स्त्रीलिंगी, आपलं ‘हे’ नपुंसकलिंगी. ग्रीकचं ‘तो’ नपुंसकलिंगी, आपलं ‘तो’ पुल्लिंगी. पहिल्याच दिवशी हे मोठ्यानं सांगून टाका. ज्यांना संस्कृत येतं त्यांना ‘सः, सा, तत्’ शेजारी लिहून दाखवा, नातं लगेच दिसतं.

मराठीत निश्चित उपपद नाहीच, त्यामुळे त्याचं काम समजायला वेळ लागतो. घाई करू नका. योहान १:१ च्या शेवटच्या भागावर पूर्ण एक तास घालवा : ‘थेऑस एन हो लोगोस’. ‘थेऑस’ आधी आलाय म्हणून कर्ता तोच, असं मुलांना वाटतं. पण उपपद ‘लोगोस’ला आहे, म्हणून कर्ता ‘शब्द’, आणि ‘देव’ हे त्याच्याविषयी सांगितलेलं. शब्दक्रमावर विसंबायचं नाही, प्रत्ययाकडे आणि उपपदाकडे पाहायचं, ही सवय या एका वचनानं लागते.

लिंगांबद्दल एक छोटी सूचना. मराठी शब्दाचं लिंग ग्रीक शब्दाला चिकटवू देऊ नका. ‘आगापे’ स्त्रीलिंगी, आपलं प्रेम नपुंसकलिंगी. ‘प्नेउमा’ नपुंसकलिंगी, आपला आत्मा पुल्लिंगी. म्हणून शब्द पाठ करताना नेहमी उपपदासकट : ‘हे आगापे’, ‘तो प्नेउमा’.

विभक्ती : मराठीची मदत आणि मराठीचे सापळे

इंग्रजी पुस्तक चतुर्थी समजावायला दोन पानं घेतं, कारण इंग्रजीत नामाला असे प्रत्यय उरलेले नाहीत. मराठी विद्यार्थी ‘घराचा, घराला, घरात’ रोज म्हणतो. त्याला विभक्ती म्हणजे काय हे शिकवायचं नसतं, ते फक्त त्याच्या लक्षात आणून द्यायचं असतं. पहिल्या तासाला दहा मराठी वाक्यं देऊन कर्ता आणि कर्म ओळखायला सांगा. कुणाला शाळेचं व्याकरण आठवतं, कुणाला नाही, ते लगेच कळतं.

ग्रीकमध्ये पाच विभक्ती आहेत : उपपदाच्या चार, आणि पाचवी संबोधन, जिला उपपद नसतं. षष्ठीनं पंचमीचंही काम घेतलं आहे, आणि चतुर्थीनं तृतीया-सप्तमीचंही. म्हणून चतुर्थीतला शब्द दिसला की विद्यार्थ्यानं तीन प्रश्न विचारायचे : कुणाला? कशानं? कशात?

आता सापळे. पहिला ‘ला’चा. ‘मी मुलाला पाहतो’ आणि ‘मी मुलाला भाकर देतो’, मराठीत दोन्हीकडे ‘मुलाला’. ग्रीकमध्ये पहिलं द्वितीया, दुसरं चतुर्थी. आमच्या उत्तरपत्रिकांत सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. मी मुलांना ‘ला’ दिसला की थांबायला शिकवतो : काही दिलं-घेतलं जातंय का, कुणाला काही सांगितलं जातंय का? असेल तर चतुर्थी.

दुसरा सापळा भूतकाळाचा. आपण म्हणतो ‘पौलानं पत्र लिहिलं’. कर्त्याला ‘नं’ लागला आणि क्रियापद पत्राप्रमाणे बदललं. ग्रीकमध्ये काळ कोणताही असो, कर्तरी वाक्यात कर्ता प्रथमेतच राहतो, कर्म द्वितीयेत, आणि क्रियापद कर्त्याचंच ऐकतं. मराठीतून ग्रीकमध्ये वाक्यं करायला दिलीत तर मुलं पौलाला चतुर्थीत टाकतात. का टाकतात हे तुम्हाला कळलं पाहिजे, नाहीतर तुम्ही फक्त लाल रेघ ओढाल.

षष्ठी शिकवताना १ योहानातलीच दोन वचनं समोरासमोर ठेवा. ‘हे आगापे तू थेऊ’, देवाची प्रीती. ४:९ मध्ये ती देवानं आपल्यावर केलेली प्रीती आहे. ५:३ मध्ये, ‘आपण त्याच्या आज्ञा पाळाव्या’ असं पुढे येतं तिथे, ती आपण देवावर करायची प्रीती आहे. मराठीतही ‘आईचं प्रेम’ दोन्ही बाजूंनी घेता येतं. प्रत्यय सारखाच राहतो, अर्थ मागच्यापुढच्या वाक्यांवरून ठरवावा लागतो.

क्रियापद : इथे वेळ द्या

क्रियापदांचा डोंगर खरा आहे. पण मराठी माणसाला त्यावर चढायला पायवाट आहे, आणि ती इंग्रजी पुस्तकात सापडत नाही.

ग्रीक क्रियापदात ‘कधी’ इतकंच ‘कसं’ महत्त्वाचं असतं : क्रिया चालू दिसते की एक पूर्ण घटना म्हणून दिसते. ‘एलेगेन’ म्हणजे ‘म्हणत होता, म्हणत असे’. ‘एइपेन’ म्हणजे ‘म्हणाला’. मराठीत हा फरक आपण विचार न करता करतो. सगळ्यांत सुंदर उदाहरण प्रभूच्या प्रार्थनेत आहे. मत्तय ६:११ मध्ये भाकरीसाठी ‘दोस’ हे रूप आहे आणि पुढे ‘आज’. लूक ११:३ मध्ये त्याच धातूचं ‘दिदू’ आहे आणि पुढे ‘दररोज’. मी वर्गात दोन्ही वचनं फळ्यावर लिहितो आणि दोन वेगळी मराठी रूपं मागतो. थोडा वेळ शांतता असते. मग कुणीतरी म्हणतं : ‘आज दे’ आणि ‘रोज देत जा’. ‘देत जा’! इंग्रजीत यासाठी लांबलचक स्पष्टीकरण लागतं. आपल्याकडे ते शेजारणीला साखर देताना आई म्हणते. हे उत्तर मी आधी सांगत नाही, वर्गातूनच येऊ देतो.

याच ठिकाणी एक इशाराही द्या. पूर्ण घटना दाखवणाऱ्या रूपाला अओरिस्ट म्हणतात, आणि ‘अओरिस्ट म्हणजे एकदाच व कायमचं’ असं व्यासपीठावरून पुष्कळदा ऐकू येतं. ते बरोबर नाही. योहान २:२० मध्ये मंदिर बांधायला ४६ वर्षं लागली असं म्हटलंय, आणि तिथे अओरिस्टच आहे. ४६ वर्षांचं काम एका नजरेत पूर्ण पाहिलंय, इतकंच.

दुसरी पायवाट धातुसाधितांची. इंग्रजी वर्गांत हा वर्षातला सर्वांत अवघड भाग समजला जातो. आपल्याकडे ‘ऊन’ आहे. ‘अपोक्रिथेइस एइपेन’ : उत्तर देऊन म्हणाला. रोमी सुभेदार पिलाताचं ‘पाणी घेऊन हात धुतले’ (मत्तय २७:२४). लूक १५:२० : ‘अनास्तास एल्थेन’. एका वर्षी नगरकडच्या एका विद्यार्थ्यानं हे वाचलं, बोट तसंच शब्दावर ठेवलं आणि म्हणाला, “सर, ‘उठून आला’. एवढंच?” एवढंच. फरक इतकाच सांगायचा की आपलं ‘उठून’ बदलत नाही, ग्रीकचं रूप मात्र कर्त्याच्या लिंग-वचन-विभक्तीप्रमाणे बदलतं, म्हणून कोण उठला हे ते स्वतःच सांगतं. ‘सूर्य मावळत असता’ अशा स्वतंत्र वाक्यांशासाठी (लूक ४:४०) ग्रीक षष्ठी वापरतं, संस्कृत सप्तमी. संस्कृत शिकलेल्यांना ‘सति सप्तमी’ म्हटलं की पुरतं.

पिलाताच्या वचनाचा आणखी एक उपयोग आहे. त्यानं स्वतःचे हात धुतले, तिथे क्रियापद मध्यम प्रयोगात आहे, म्हणजे क्रिया कर्त्याकडेच वळते असं दाखवणाऱ्या रूपात. योहान १३:१४ मध्ये येशू शिष्यांचे पाय धुतल्याचं सांगतो, तिथे कर्तरी. संस्कृतमधल्या आत्मनेपदाची आठवण इथे करून द्यावी. मात्र प्रत्येक मध्यम रूपात ‘स्वतःसाठी’ असा अर्थ भरायचा नाही. कितीतरी क्रियापदं केवळ प्रघातानं तशी चालतात.

संस्कृतचा उल्लेख मी वारंवार करतोय, पण वर्ग त्यावर उभा करू नका. आपल्या सेमिनरीत येणारी कितीतरी मुलं अशा घरांतून येतात जिथे संस्कृत कधी पोचलं नाही, आणि काही मुलांची मातृभाषा मराठीही नसते. ‘उठून आला’ आणि ‘देत जा’ कळायला बोलती मराठी पुरेशी आहे. ईशान्येकडच्या किंवा आदिवासी पट्ट्यातल्या विद्यार्थ्याला विचारा, ‘तुझ्या भाषेत हे कसं म्हणतात?’ त्याचं उत्तर सगळ्या वर्गाला काहीतरी शिकवतं.

वाचनाचा तास

मजकूर मोठ्या अक्षरांत छापून, दोन ओळींत तीन बोटं जागा सोडून, कागदावर द्या. पेन्सिल वापरायला लावा. आधी तुम्ही मोठ्यानं वाचा, मग सगळ्यांनी, मग एकेकानं. त्यानंतर क्रियापदाखाली रेघ, प्रथमेतल्या शब्दाभोवती गोल. अर्थ सगळ्यांत शेवटी. ज्याच्या शब्दाखाली अर्थ छापलेला असतो असा ग्रीक नवा करार या तासाला बंद ठेवायला सांगा, नाहीतर डोळा खालच्या ओळीवरच जातो. घरी तपासायला स्टेप बायबलसारखं मोफत साधन चांगलं आहे. आधी स्वतः प्रयत्न, मग तपासणी, एवढा नियम ठेवा.

शब्दांच्या अर्थाबद्दल याच तासाला जपायला शिकवा. ‘आगापे म्हणजे फक्त दैवी, निःस्वार्थ प्रेम’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी घेऊन येतो. त्याला २ तीमथ्य ४:१० उघडायला सांगा : देमासानं या जगावर प्रेम केलं आणि पौलाला सोडलं, क्रियापद तेच आहे. मग योहान ३:३५ आणि ५:२० : पिता पुत्रावर प्रीती करतो, एकदा ‘अगापाओ’, एकदा ‘फिलेओ’. जी मुलं पुढे मंडळीसमोर उभी राहणार आहेत, त्यांनी चुकीची गोष्ट ग्रीकच्या नावावर सांगू नये, याची मला मनापासून काळजी वाटते.

एखाद्या शनिवारी वर्गाला केडगावला घेऊन जा. पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. जुळणी आणि छपाई मिशनमधल्या बायकांनी केली. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. मूळ भाषेतून मराठीत आणण्याचं काम आपल्याच मातीत, पुण्यापासून थोड्या अंतरावर झालं आहे, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावं.

परीक्षा

दर आठवड्याला दहा मिनिटांची चाचणी, अकरा शब्द आणि दोन रूपं. वर्षाच्या परीक्षेत तक्ते लिहायला सांगू नका. वर्गात न वाचलेला उतारा द्या, अनोळखी शब्दांचे अर्थ खाली द्या, आणि मराठीत भाषांतर मागा.

शेवटचा प्रश्न मी नेहमी ‘आम्ही’ आणि ‘आपण’वर ठेवतो. ग्रीकमध्ये दोन्हींसाठी एकच रूप आहे. १ योहान १:१ मध्ये ‘ऐकलं आहे, पाहिलं आहे’ असं म्हणणारे प्रत्यक्ष साक्षीदार आहेत, वाचक त्यांत नाहीत. १:९ मध्ये पापं कबूल करणाऱ्यांत वाचकही आले. विद्यार्थ्यानं कुठे ‘आम्ही’ लिहायचं, कुठे ‘आपण’, आणि का, हे तीन ओळींत सांगायचं. या तीन ओळी मी सगळ्यांत आधी तपासतो.